पहिला शब्द कुठे संपतो?

हजेरीपटावर ‘शिंदे सविता मारुती’ असे नाव आहे. यातला पहिला शब्द कोणता, हे दुसरीतले मूलही सांगेल. संगणकाला मात्र ‘शब्द’ म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याच्या लेखी ही चिन्हांची एक माळ असते आणि दोन शब्दांमधली रिकामी जागा हेही त्या माळेतले एक चिन्हच असते. मग हजार नावांच्या यादीतून आडनावे वेगळी कशी काढायची?

यासाठी संगणकाला एक साचा द्यावा लागतो. जेवढा मजकूर साच्यात बसेल, तेवढा तो उचलतो. अशा साच्यांना ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. त्यांचे गणित अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५० च्या दशकात मांडले. मजकुरात शोध घेण्यासाठी ते कसे वापरावे, याची एक रीत केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली.

आपला साचा असा आहे :

^[^ ]+

सुरुवातीचे ^ हे चिन्ह सांगते, ‘ओळीच्या आरंभापासून पाहा’. चौकटी कंसात मात्र त्याचा अर्थ बदलतो : ‘यापुढे दिलेली चिन्हे सोडून’. कंसात त्याच्यापुढे रिकामी जागा आहे. म्हणजे संपूर्ण कंसाचा अर्थ ‘रिकामी जागा सोडून कोणतेही एक चिन्ह’. शेवटचा + म्हणतो, ‘अशी एक किंवा अधिक, मिळतील तितकी घ्या’. संगणक एकेक चिन्ह घेत जातो आणि रिकामी जागा येताच थांबतो. हाती उरते ‘शिंदे’.

‘फक्त अक्षरे घ्या’ असे सरळ का सांगू नये? इथेच देवनागरीची मेख आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘शिंदे’ हा शब्द श, ि, ं, द, े अशा पाच चिन्हांनी साठवला जातो. काही संगणकभाषांमध्ये ‘शब्दातले अक्षर’ यासाठी तयार खूण असते. पण तिच्यात या चिन्हांचा समावेश नसतो. ती वापरली तर वेलांटीपाशीच गाडी अडते आणि ‘शिंदे’ व ‘शेख’ या दोघांच्याही दाखल्यावर नुसता ‘श’ उमटतो! म्हणून शब्द कशाचा बनतो यापेक्षा तो कशाने संपतो, हे सांगणे अधिक सुरक्षित.

ओळीच्या आरंभीच चुकून रिकामी जागा पडली असेल, तर वरचा साचा लागूच पडणार नाही. त्यासाठी तो असा लिहावा :

^ *([^ ]+)

इथे * म्हणजे ‘आधीचे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा’. गोल कंसात सापडलेला भाग तेवढा आपण घ्यायचा.

वर्गात हा खेळ सहज करता येईल. फळ्यावर वेगवेगळी नावे लिहा. एका विद्यार्थ्याला संगणक करा आणि एकेका चिन्हावर बोट ठेवत साच्याप्रमाणे चालायला सांगा. यादीत ‘सविता मारुती शिंदे’ हेही नाव मुद्दाम ठेवा. तिथे हाती ‘सविता’ येईल. साचा आकार ओळखतो, आडनाव नव्हे, हे मुलांना न सांगता कळेल.