नांदूर मध्यमेश्वर : गाळातून तयार झालेली बेटं आणि त्यावर राहणारे पाहुणे

नाशिकजवळ पाणी, बेटं, पक्षी, तंबू आणि जमलं तर होडी, असं सगळं एका फेरीत उरकायचं असेल तर कुठं जायचं? असा प्रश्न विचारला की हमखास नांदूर मध्यमेश्वरचं नाव पुढं येतं. यातलं पक्ष्यांचं अगदी खरं आहे. राहण्याचं निम्मं खरं आहे. होडीचं मात्र मनातून काढून टाकलेलं बरं. त्याचं कारण समजून घ्यायचं तर आधी ही बेटं आली कुठून ते बघावं लागतं.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या दोन नद्या एकमेकींना मिळतात. या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रज अमदानीत, दगडी बंधारा बांधला गेला. उद्देश साधा होता, नदीचं पाणी अडवून कालव्यात वळवायचं. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे इथूनच निघतात आणि पार कोपरगाव-राहात्यापर्यंत जातात. वैजापूर, गंगापूरकडं जाणारा जलदगती कालवाही इथलाच. पावसाळ्यात 'नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडं इतके क्युसेक विसर्ग' अशी बातमी रोज वाचायला मिळते, तो हाच बंधारा.

बंधारा म्हणजे मोठं धरण नव्हे. उंची कमी, पसारा जास्त. वाहतं पाणी इथं येऊन मंदावतं आणि मंदावलं की सोबत आणलेली माती खाली सोडतं. शंभरेक वर्षं हे चालू आहे. त्यातून पाणी उथळ झालं, काही ठिकाणी गाळाचे उंचवटे वर आले, त्यावर गवत, पाणकणीस, बाभळी वाढल्या आणि बेटं तयार झाली. इंजिनिअरच्या दृष्टीनं हे नुकसान. जलाशयाची साठवण क्षमता कमी झाली. पक्ष्यांच्या दृष्टीनं मात्र जेवणाचं ताट वाढून ठेवलं.

कारण बहुतेक बदकं खोल पाण्यात बुड्या मारत नाहीत. थापट्या, तलवार बदक, गडवाल यांची पद्धत म्हणजे डोकं पाण्यात, शेपटी वर, आणि मान पोचेल तेवढ्या खोलीवरचं खायचं. हात-दीड हात पाणी असेल तर पोट भरतं. चमचे, शराटी, चित्रबलाक यांना तर त्याहून उथळ पाणी आणि चिखल लागतो. सायबेरिया, मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांना दख्खनच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या मुलखात असा उथळ, खाद्यानं भरलेला पाणथळ पट्टा सापडणं सोपं नाही. म्हणून इथं २४० हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, ते उगाच नाही.

१९८६ मध्ये हे अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर, ज्यात गावंही आहेत आणि ऊस-द्राक्षांची शेतीही. त्यातल्या मुख्य पाणथळ भागाला, म्हणजे १,४३७ हेक्टरला, रामसर दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं शहर. पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार तिथं १९७१ मध्ये झाला, म्हणून हे नाव. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या. गंमत म्हणजे रामसरच्या नोंदीत इथल्या ज्या अतिसंकटग्रस्त जीवांची नावं आहेत, त्यात गिधाडांसोबत देवळाली मिनो नावाचा एक मासा आहे. जेमतेम बोटाएवढा. त्याला बघायला कुणीच येत नाही.

आता होडीकडं येऊ. वारकरी नावाचा काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी इथं मोठ्या थव्यांनी दिसतो. इंजिनाचा आवाज आला की अख्खा थवा पाण्यावर पळत सुटतो. बघायला झकास, रीलसाठी तर विचारायलाच नको. पण प्रत्येक उड्डाण म्हणजे खर्च. मार्चमध्ये हजारो किलोमीटर परत उडायचं असतं आणि त्यासाठीची चरबी याच चार महिन्यांत साठवायची असते. दिवसातून दहा वेळा उठवलं तर खाणं कमी, पळणं जास्त. ड्रोनचंही तेच. खालून पाहणाऱ्या बदकाला तो शिकारी पक्षीच वाटतो. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हे वेगळं सांगायला नको. होडीचीच हौस असेल तर नाशिक शहराजवळ गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. ती फेरी वेगळ्या दिवशी करावी.

इथं पक्षी पाहायचे ते काठावरून आणि निरीक्षण मनोऱ्यांवरून. मुख्य जागा चापडगाव, नाशिकपासून साधारण तासा-सव्वा तासावर. आसपासच्या गावांतली प्रशिक्षित मुलं गाईड म्हणून सोबत येतात, त्यांच्याकडं दुर्बिणी असतात. गाईड घ्याच. नवख्या माणसाला जिथं 'बदकं' दिसतात तिथं त्यांना सहा जाती दिसतात. आणि हळदीकुंकू हे एका बदकाचं नाव आहे, हे कळल्यावर नाव विसरत नाही.

राहायचं असेल तर वनविभागाच्या पर्यटक संकुलात आधी नोंदणी करून राहावं. स्वतःचा तंबू घेऊन बेटावर किंवा काठावर पथारी टाकायची नाही. एक तर अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. दुसरं म्हणजे काठाला लागून ऊस आहे आणि निफाडच्या उसात बिबट्या असतो. तिसरं कारण थंडीचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं निफाडचं किमान तापमान दर हिवाळ्यात बातमीत येतं, द्राक्ष बागायतदार घड वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तेव्हा पहाटेच्या फेरीला कानटोपी हवीच.

पण खरा पेच पर्यटकांचा नाहीच. ज्या गाळानं बेटं दिली, तोच वरच्या गावांच्या मुळावर येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सायखेडा, चांदोरी पाण्यात गेली. बंधाऱ्यात गाळ साचल्यानं पुराचं पाणी मागं फुगतं, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. म्हणून गाळ काढा, दरवाजे वाढवा ही मागणी होत राहते आणि ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याला बदकांचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. उलट सगळा गाळ उपसला तर उरेल एक खोल तलाव, ज्यात थापट्याला खायला काही नसेल. पुराचा प्रवाह अडवणारा गाळ कोणता आणि पक्ष्यांचा कोणता, हे जागेवर मोजून ठरवावं लागेल. सरसकट उत्तर दोन्ही बाजूंना महागात पडेल.

त्यात शहराच्या सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल आहेच. ती पसरली की बदकांना लागणारं मोकळं पाणीच झाकलं जातं.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण तारखेपेक्षा कालव्याचं आवर्तन महत्त्वाचं. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते, चिखल बुडतो आणि चिखलात खाणारे पक्षी पांगतात. पाणी उतरलं की परत येतात. निघण्याआधी गाईडला फोन करून 'पाणी किती आहे' एवढं विचारलं तरी फेरी फुकट जात नाही.