सेकंडहँड बॉडी, फर्स्टहँड नजर

पहिला डीएसएलआर घ्यायचाय, बजेट तोकडं आहे आणि ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतोय? मग दुकानात जाण्याआधी हे वाचा. कॅमेरा कुठला घ्यायचा हे तर ठरवायचंच आहे, पण पहिला महिना तो कुठे आणि कसा चालवायचा, हेही आत्ताच ठरवून टाकू.

'भावा, २५ हजारांत कुठला डीएसएलआर घेऊ?'

गॅदरिंगचे वेध लागले की वाघोलीतल्या कुठल्याही हॉस्टेलच्या ग्रुपवर हा मेसेज पडतोच. पाच मिनिटांत दहा उत्तरं येतात. एक म्हणतो कॅनन, दुसरा म्हणतो निकॉन, तिसरा सांगतो 'डीएसएलआर संपला रे, मिररलेसच घे' आणि चौथा थेट ईएमआयचा हिशेब टाकतो. विचारणारा बिचारा आधीपेक्षा जास्त गोंधळतो. मग सेल लागतो, हप्ता सुरू होतो आणि सहा महिन्यांनी कॅमेरा कपाटात, हप्ता मात्र चालूच!

तुमचं असं होऊ नये म्हणून आधीच सांगतो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. बॉडी जुनी चालेल, पैसे लेन्ससाठी राखून ठेवा. आणि शिकायला लडाखला जायची गरज नाही, आपला नगर रोड पुरेसा आहे.

'संपला' म्हणूनच स्वस्त झाला

डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला समोरचं खरं दृश्य दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि उजेड सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज येतो ना, तो या सगळ्या धावपळीचा. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलाय, त्यामुळे कॅमेरा लहान झाला आणि फोकस हुशार झाला. कंपन्याही तिकडेच वळल्या. निकॉनचा शेवटचा नवा डीएसएलआर, डी६, फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाला.

पण आरसा जुना झाला म्हणून फोटो जुना होत नाही. निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी हे दोन्ही २०१८चे कॅमेरे, दोघांचाही सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. कॉलेजच्या भिंतीवर पोस्टर लावायलाही हे पुरून उरतं. शिवाय लोक मिररलेसकडे वळतायत, म्हणजे चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात येतायत. लेन्सचं तर विचारूच नका. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरतायत.

एक प्रामाणिक सूचना. तुम्हाला मुख्यतः रील्स आणि व्लॉग करायचे असतील, तर वरच्या दोन्ही मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. दोन्हीत व्हिडिओ फुल एचडीपुरताच आहे आणि बाहेरचा माइक लावायची सोय नाही. त्या कामाला तुमचा फोन बरा, किंवा पैसे साठवून मिररलेस घ्या.

स्पेसिफिकेशनमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

मेगापिक्सेलवर भांडणं खूप होतात, पण रोजच्या वापरात नडतात त्या वेगळ्याच गोष्टी.

चष्मा आहे? कॅनन ३०००डी स्वस्त दिसेल, पण त्याच्या व्ह्यूफाइंडरला नंबर जुळवायची चकती नाही. चष्मा काढून बघितलंत तर सगळं धूसर. त्याचा लेन्स बसवायचा माउंटही धातूचा नसून प्लास्टिकचा आहे.

पुढे लग्नं, साखरपुडे, इव्हेंट करायचेत? मग फ्लॅश बसवायची पट्टी नीट बघा. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या तिन्हींच्या पट्टीवर मधली गोल टिकली नाही. इतर कंपन्यांचे साधे, स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. २०१७चा जुना २००डी मात्र या बाबतीत सरळ आहे. त्याला माइकची सोय आहे आणि फिरणारा टचस्क्रीनही आहे.

निकॉन घेताय? डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. म्हणून 'एएफ-डी' लिहिलेली जुनी लेन्स स्वस्तात मिळाली तरी त्यावर ऑटोफोकस चालणार नाही. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेली लेन्स शोधा. डी३५०० मध्ये 'गाइड' नावाचा मोड आहे. काय करायचंय ते निवडलं की कॅमेरा स्वतःच पायरीपायरीने सांगतो. नवख्यासाठी ही सोय भारी आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेरा हातात धरून बघा. बोटं नीट बसली पाहिजेत. मित्राकडे ज्या कंपनीचा कॅमेरा आहे तीच कंपनी घेतलीत तर लेन्स, चार्जर आणि अक्कल तिन्ही उसनी मिळतात.

सेकंडहँड घेताना

बजेट २५ हजार असेल तर सगळं बॉडीवर उडवू नका. निदान चौथा हिस्सा दुसरी लेन्स, मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग यांच्यासाठी बाजूला काढा. मग कॅमेरा बघायला जाताना फोनचा टॉर्च आणि स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा.

लेन्स काढा आणि तिच्यातून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. पुण्याच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. मग कॅमेऱ्याला लेन्स लावून अॅपर्चर एफ/१६ वर ठेवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. झूम करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण भाव पाडून मागायला कारण मिळतं.

शटर किती वेळा उडालंय तेही विचारा. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या या छोट्या मॉडेलमध्ये तो फोटोत सापडत नाही, त्यामुळे बॉडीची झीज, बटणांची पकड आणि मूळ बिल यांवरून अंदाज घ्यावा लागतो. बिलावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. जुळत नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी नमस्कार करून निघा.

आणि अजूनही मन डळमळत असेल तर पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. एखादा शनिवार-रविवार वापरून बघा, मग ठरवा.

चार आठवडे, एकच गाव

कॅमेरा आला. आता 'ऑटो' मोडला रामराम करा. एकदम मॅन्युअलवरही उडी मारू नका. प्रत्येक आठवड्याला एकच गोष्ट शिकायची.

पहिला आठवडा अॅपर्चरचा. डायल 'ए'वर (कॅननवर 'एव्ही') ठेवा आणि कॉलेजसमोरची चहाची टपरी गाठा. ग्लास पुढे, टपरीवाले काका मागे. आकडा लहान ठेवलात तर मागचं धूसर होतं, मोठा ठेवलात तर काकाही स्पष्ट दिसतात. आता कुणाची तरी ५० एमएम एफ/१.८ लेन्स मागून लावून बघा. किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ त्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. लेन्ससाठी पैसे राखून ठेवा असं का सांगितलं, ते इथे डोळ्यांनी दिसेल.

दुसरा आठवडा शटरचा. डायल 'एस'वर (कॅननवर 'टीव्ही') ठेवा आणि केसनंद फाट्याकडे चला. ट्रॅफिक म्हणजे आपली रोजची कटकट, पण शटर शिकायला यापेक्षा चांगला वर्ग नाही. १/१००० वर धावती बाइक जागच्या जागी थिजते. १/३० वर कॅमेरा बाइकसोबत फिरवत बटण दाबलं तर बाइक स्पष्ट आणि मागचा रस्ता रेघारेघांचा होतो. पहिले पन्नास फोटो वाया जातील, एक्कावन्नावा जमेल. फक्त रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी उभे राहा. फोटोसाठी दुभाजकावर चढायचं नाही.

तिसरा आठवडा उजेडाचा. कॅमेऱ्याचा मीटर साधाभोळा असतो. त्याला वाटतं, जग सरासरी करड्या रंगाचं आहे. खडी क्रशरजवळ जा. तिथे झाडांची पानं, छपरं, रस्ता, सगळ्यावर फिकट भुकटी बसलेली असते. कॅमेरा म्हणतो 'बापरे, किती उजेड' आणि फोटो काळपट करतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करायचं. काळी म्हैस समोर आली तर उलटं, −१. ही एक गोष्ट कळली की तुम्ही कॅमेऱ्याचं ऐकणं बंद करता आणि कॅमेरा तुमचं ऐकायला लागतो. क्रशरजवळ लेन्स मात्र बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा.

त्याच आठवड्यात वाघेश्वर मंदिरात एकदा सकाळी सातला आणि एकदा भर दुपारी जा. शाहू महाराजांच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी इथेच आहे. तोच दगड सकाळच्या तिरप्या उन्हात खोदकामासकट उठून दिसतो आणि दुपारी सपाट पडतो. कॅमेरा बदलला नाही, लेन्स बदलली नाही, बदललं फक्त ऊन.

चौथा आठवडा रात्रीचा, म्हणजे आयएसओचा. ४०० पासून ६४०० पर्यंत तोच फोटो काढा आणि कुठल्या आकड्यापासून दाणे खुपायला लागतात ते बघा. ती तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा. तरीही लक्षात ठेवा, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. शक्यतो रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा. 'डार्कटेबल' हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

समोर माणूस आहे

एव्हाना हात बसला असेल. खरा प्रश्न आता येतो. फोटो कशाचा काढायचा?

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. एकीकडे टॉवर उभे राहतायत, दुसरीकडे ते टॉवर ज्या खडीवर उभे आहेत त्या खाणी. मध्ये पाण्याचे टँकर, हॉस्टेलच्या मेसमध्ये दोनशे पोळ्या लाटणाऱ्या मावशी, खाणकामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या पाषाणशाळा. पाच वर्षांनी हे गाव असंच राहणार नाही. आत्ता कुणीतरी नीट बघून ठेवायला हवं, आणि कॅमेरा घेऊन चार वर्षं इथे राहणारे तुम्हीच आहात.

पण खाणीवर जाऊन धुळीने माखलेल्या मजुराचा चेहरा लांबून टिपायचा, ब्लॅक अँड व्हाइट करायचा आणि इन्स्टावर टाकायचा, याला फोटोग्राफी म्हणत नाहीत. सुधारक ओलवे यांचं काम बघा. मुंबईतल्या सफाई कामगारांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं जाऊन फोटो काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंमध्ये माणसं कॅमेऱ्याला घाबरत नाहीत, कारण कॅमेरा धरणारा त्यांना ओळखीचा झालेला असतो.

म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू द्या. 'दादा, फोटो काढू का?' असं विचारा. 'नको' म्हणाले तर नको. लहान मुलांचा फोटो पालकांना किंवा शिक्षकांना विचारल्याशिवाय नाही. आणि काढलेल्या फोटोची एक प्रिंट नेऊन द्या. मोबाइलवर फोटो सगळ्यांकडे असतात, हातात धरायला क्वचितच असतो.

आणखी एक. डोक्यावरून विमानं जातात म्हणून लोहगावच्या हवाई दलाच्या तळाकडे लेन्स रोखू नका. तिथे फोटो काढायला मनाई आहे. नदीच हवी असेल तर लोणीकंद ओलांडून तुळापूरला जा. भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम, संभाजी महाराजांचं स्मारक आणि संध्याकाळचं ऊन, तिन्ही एकत्र मिळतं.

महिन्याचा गृहपाठ

एक विषय निवडा. मेस, टँकर, टपरी, काहीही. त्यावर महिनाभर फोटो काढा आणि शेवटी फक्त दहा ठेवा. बाकीचे उडवताना जीव जाईल, पण बटण दाबण्यापेक्षा जास्त शिक्षण तिथेच होतं. त्या दहांतले तीन प्रिंट करा आणि ज्यांचे आहेत त्यांना दाखवा. त्यांनी 'हा आमचाच रोजचा दिवस आहे' असं म्हटलं, तर २५ हजार वसूल. मग ग्रुपवर पुन्हा कुणी विचारेल, 'भावा, कुठला डीएसएलआर घेऊ?' तेव्हा मॉडेलचं नाव नंतर सांगा. आधी विचारा, 'कशाचे फोटो काढणार?'