कोला : औषधालयात जन्मलेले पेय आणि त्याचे घरगुती पराक्रम



कोला पेयाने संडासाचे भांडे निघते, मग आतड्यांचे काय होत असेल, असा प्रश्न नालवाडीच्या दवाखान्यात दर उन्हाळ्यात दोन-चार रुग्ण तरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे प्रचलित उत्तर चुकीचे आहे. आपणांपैकी काही जण पथ्यापथ्य सांगताना हाच दाखला देतात, म्हणून हा विषय थोडा उलगडून मांडावा असे वाटले.

हे पेय मूळचे औषधविक्रेत्यांचेच अपत्य होय. कोका-कोलाचे मिश्रण १८८६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे जॉन पेम्बर्टन या औषधनिर्मात्याने सिद्ध केले आणि ते प्रथम विकले गेले ते औषधालयातील सोड्याच्या नळावर, मज्जातंतूंचे बल्य म्हणून. पेप्सीचा जनक केलब ब्रॅडहॅम हाही औषधविक्रेताच; त्याच्या पेयाचे नावच अपचनाच्या ग्रीक शब्दाशी नाते सांगते. आपल्याकडून कोका-कोला १९७७ मध्ये गेले, त्याच वर्षी थम्स अप आले, आणि १९९३ मध्ये मूळ कंपनी परतली. तेव्हापासून गावोगावची पानटपरीही या बाटल्यांवाचून राहिलेली नाही.

आता घरगुती पराक्रमांकडे वळू. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते व त्याचा सामू सुमारे २.५ असतो. हे आम्ल लोखंडाच्या गंजाशी संयोग पावून त्याचे फॉस्फेट बनविते. म्हणून गंजलेला नटबोल्ट रात्रभर कोलात ठेवला की सकाळी सैल होतो. गॅरेजमधील कारागीर बॅटरीच्या टोकांवरील पांढरा-हिरवट थर त्यानेच धुतात. संडासाच्या भांड्यावरील क्षारांचा पापुद्राही आम्लानेच सुटतो. यात नवल वाटण्याचे आपणांस तरी कारण नाही. लोहाच्या शोधनासाठी कांजी व तक्र वापरणारे रसशास्त्र आपण शिकलो आहोत, आणि आपल्या घरची तांब्याची भांडी चिंचेने घासलेली आहेत. चिंच स्वस्त पडते आणि भांडे चिकटही होत नाही.

सर्वांत विलक्षण उपयोग मात्र आपल्या शेजारी झाला. २००४ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग, राजनांदगाव व धमतरी जिल्ह्यांतील काही शेतकऱ्यांनी भातावर कीटकनाशकाऐवजी कोला फवारल्याच्या बातम्या आल्या. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बारा शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखविले होते, आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये ते निष्कर्ष ग्राह्य धरले होते. साहजिकच लोकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. परंतु ते अंश लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके सूक्ष्म होते. पिण्याच्या पेयात ते मुळीच नसावेत हे खरे, पण त्यांनी कीड मरणे शक्य नाही. साखरेच्या वासाने तांबड्या मुंग्या येतात व त्या अळ्या फस्त करतात, हे त्या वेळी जाणकारांनी दिलेले स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे. गुळाच्या पाण्यानेही हेच साधते.

वैद्यकातही या पेयाला एक स्थान मिळाले आहे. फळांच्या न पचलेल्या तंतूंचा जठरात गोळा बनतो, तो विरघळविण्यासाठी रुग्णालयात कोलाचा उपयोग केला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा ४६ रुग्णांपैकी ९१ टक्क्यांहून अधिकांना, काहींना दुर्बिणीच्या साहाय्याची जोड देऊन, गुण आल्याची नोंद आहे. अर्थात हे रुग्णालयात, निदान निश्चित झाल्यावर करावयाचे कर्म आहे.

मग पोटाचे काय? जठरातील स्राव कोलापेक्षाही तीव्र आम्ल असतो आणि लिंबाचा रस जवळपास तेवढाच. संडास निघतो म्हणून आतडे झिजते हा युक्तिवाद रुग्णापुढे करू नये. एखादा विज्ञानाचा विद्यार्थी तो क्षणात खोडून काढील आणि मग आपल्या उरलेल्या पथ्यावरही त्याचा विश्वास राहणार नाही.

दातांना मात्र जठराचे कवच नाही. सामू ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागते. दात एका रात्रीत नाहीसा होतो ही दंतकथाच. पण घोट-घोट करीत तासभर पिणाऱ्याचे दात तासभर आम्लात राहतात. अम्लरसाच्या अतियोगाने दंतहर्ष, तृष्णा, पित्तवृद्धी, रक्तदुष्टी व शैथिल्य होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात सांगितलेच आहे. त्यात साखरेची भर पडते. शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून अधिक साखर. चहाला इतकी साखर कोणी घालणार नाही. आम्लामुळे आणि थंडपणामुळे ती जिभेला जाणवत नाही, इतकेच. शिवाय एका बाटलीत सुमारे ३० मिलिग्रॅम कॅफीन असते. मुलाला चहा न देणारी आई कोला देते, तेव्हा हे तिला सांगावे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली. इतर वायुयुक्त पेयांबाबत तसे दिसले नाही. (आपली आसवारिष्टे व अवलेहही मधुमेह्याला देताना साखरेचा हिशेब धरावा लागतो, हे येथे ओघाने आले.)

अधिक काळजीची बाब निराळीच आहे. ‘गॅस झाला’ की थंड पेय पिण्याची रीत सर्वत्र आहे. ढेकर येतो, बरे वाटते. तो ढेकर पुष्कळसा बाटलीतल्याच वायूचा असतो. जठर ताणले गेल्याने अन्ननलिकेचे खालचे द्वार ढिले पडते आणि अम्लपित्ताच्या रुग्णाची जळजळ उलट वाढते. छातीत दडपण व घाम असलेला प्रौढ रुग्ण एका ढेकराच्या आशेवर दुकानात उभा राहून तास घालवितो, तेव्हा तो हृदयाचा तास असू शकतो. अशा ग्राहकाला बाटली न देता लगेच रुग्णालयात पाठविणे औषध दुकानदाराच्या हातात आहे.

दुसरी बाब अतिसाराची. वर्ध्याच्या उन्हाळ्यात जुलाब झालेल्या बालकाला ‘ताकद यावी’ म्हणून कोला पाजतात. जलसंजीवनीत लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असते. कोलात ते नगण्य, आणि साखर इतकी की ती आतड्यात आणखी पाणी ओढून घेते. म्हणजे जुलाब वाढतो आणि क्षार भरून येत नाहीत. त्यात दुकानाच्या काउंटरवर ‘ओआरएस’ नाव मिरविणारी गोड पेयेही वर्षानुवर्षे विकली गेली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा नावांना मनाई केली आहे. तेव्हा दुकानात जुना साठा असल्यास तो तपासून बाजूला काढावा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पाकिटे शीतकपाटाच्या शेजारीच, नजरेसमोर ठेवावीत. पाकीट हाताशी नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. अन्न मागणाऱ्या बालकाला त्याजोडीला लाह्यांची पातळ पेज, सैंधव घालून, थोडी-थोडी पाजावी.