अन्नाचे वावडे : घराचा प्रश्न की समाजाचा?

मराठीत ‘वावडे’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एखाद्याला कारल्याचे वावडे असते, म्हणजे ते त्याला आवडत नाही. दुसऱ्याला कोळंबीचे वावडे असते, म्हणजे ती खाताच त्याच्या अंगावर गांधी उठतात. लहान मुलाच्या बाबतीत या दोन अर्थांची गल्लत घातक ठरू शकते. दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर नाकारणाऱ्या मुलाला ‘नाटके करू नकोस’ म्हणून दटावले जाते. गांधी उठल्याच तर ‘पित्त’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द रूढ केला. दूध, अंडे, शेंगदाणा यांतील निरुपद्रवी प्रथिनाला शरीराची संरक्षणयंत्रणा शत्रू समजते आणि बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनएक तासांत, गांधी, ओठांची सूज, उलट्या वा धाप अशी लक्षणे दिसू लागतात. श्वास कोंडला वा रक्तदाब घसरला, तर अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन तत्काळ मिळणे हाच खरा उपाय होय.

निदानात मात्र दुसऱ्या टोकाची चूकही होते. रक्ततपासणी अनुकूल आली की दहा पदार्थ बंद करण्याकडे कल असतो. वस्तुतः अशी तपासणी केवळ संवेदनशीलता दाखवते, आजार नव्हे. कर्नाटकातील प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चतुर्थांशाहून अधिक लोकांत ही संवेदनशीलता आढळली. संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी मात्र सुमारे १.२ टक्के लोकांतच होती. तेव्हा काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, याची पालकांनी ठेवलेली नोंद आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ देऊन घेतलेली परीक्षा यांनाच निर्णायक महत्त्व आहे. ज्या घरात दूध आणि शेंगदाणा हाच प्रथिनांचा स्वस्त आधार, तेथे अनावश्यक पथ्य म्हणजे कुपोषणाला निमंत्रण. शिवाय दुधाची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांत वयानुसार नाहीशी होते. म्हणून पथ्याचा वेळोवेळी फेरविचार व्हावयास हवा.

अतिरेकी खबरदारीने प्रश्न सुटत नाही, हे तज्ज्ञांनाही अनुभवाने कळले. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला आणि २००८ साली तो मागे घेतला. पुढे २०१५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी ६४० अर्भकांवरील प्रयोगातून दाखवून दिले, की अशा मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा नियमित दिल्यास अ‍ॅलर्जीचे प्रमाण सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटते. अर्थात ज्या बाळाला तीव्र इसब वा अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. आणि अख्खे दाणे घशात अडकतात, म्हणून ते कोणत्याच बाळाला देऊ नयेत.

निदान झाले तरी पथ्य पाळणे केवळ आईच्या दक्षतेवर सोपवता येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा माहितीच्या विषमतेचा प्रश्न आहे. लाडवात काय आहे ते हलवायाला ठाऊक असते, ग्राहकाला नसते. ती माहिती देण्यास हलवायाला एका पाटीचा खर्च येतो. न मिळाल्यास मोजावी लागणारी किंमत मुलाचा जीव ही असू शकते. जेथे एकाचा खर्च इतका अल्प आणि दुसऱ्याची हानी इतकी मोठी, तेथे कायद्याचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो.

भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनी वेष्टित पदार्थांवर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आदींचा उल्लेख आवश्यक केला, हे योग्यच झाले. परंतु त्या यादीत तीळ नाही. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला. संक्रांतीला घरोघर तिळगूळ वाटणाऱ्या महाराष्ट्राला त्याची गरज अधिक आहे. शिवाय आपल्याकडील मुलांचे बरेचसे खाणे सुटे असते: वाढदिवसाची मिठाई, शाळेतील खाऊ, देवळातील प्रसाद, लग्नाची पंगत. तेथे वेष्टनच नाही, तर लेबल कोठून येणार?

म्हणून मिठाईच्या दुकानात आणि शाळेच्या उपाहारगृहात घटकांची मराठी पाटी असावी. प्रत्येक वर्गशिक्षकाजवळ अशा मुलांची नोंद असावी आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात अ‍ॅड्रिनलिन मिळेल, हे शाळेला आधीच ठाऊक असावे. या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव, की ‘मला हे चालत नाही’ असे सांगणारे मूल प्रत्येक वेळी हट्ट करीत नसते.