आराइश-ए-बल्दा आणि 'डबल बेडरूम'

हैदराबादेत खैरताबाद किंवा मल्लेपल्ली भागात रिक्षावाल्याला 'सीआयबी क्वार्टर्स' एवढे शब्द सांगितले की तो अधिक काही विचारीत नाही. परंतु ही तीन अक्षरे ज्या 'सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड' नावाच्या मंडळाची, ते विसर्जित होऊन साठाहून अधिक वर्षे लोटली आहेत, आणि त्या मंडळाचे उर्दू नाव 'आराइश-ए-बल्दा', म्हणजे नगराचा साजशृंगार, असे होते, हे त्या वस्तीत राहणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. गरिबांची घरे बांधणाऱ्या महकम्याला शृंगाराचे नाव देणारा तो जमाना विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्या शृंगाराचे कारण मात्र भीषण होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी पात्र सोडून शहरात शिरली, हजारो माणसे दगावली आणि नदीकाठच्या दाट वस्त्या चिखलात बसल्या. अफझलगंजातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी जीव वाचविला. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात अद्याप उभे आहे. पुराच्या बंदोबस्तासाठी विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, त्यांच्या सल्ल्याप्रमाणे पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. तथापि पाणी अडविल्याने घरे उभी राहत नाहीत. पुरापाठोपाठ प्लेगची साथही आली, तेव्हा कोंदट, विनागटारांच्या वस्त्या हेच रोगाचे माहेरघर आहे, हे दरबाराच्या ध्यानी आले आणि १९१२ साली या मंडळाची स्थापना झाली.

मंडळाची रीत अशी, की एखादी रोगट वस्ती ताब्यात घ्यावयाची, जुना इमला पाडावयाचा, रस्ता आणि गटारे आखावयाची, आणि मग राहणाऱ्यांच्या ऐपतीप्रमाणे निरनिराळ्या दर्जांची घरे बांधून ती माफक भाड्याने द्यावयाची. घर भाड्याने द्यावयाचे, मालकीने नव्हे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण मालकीचे घर एकदा दिले की सरकारच्या हातून गेले, उलट भाड्याचे घर एका कुटुंबाची दशा पालटल्यावर दुसऱ्या गरजवंताच्या उपयोगी पडू शकते. पाडकामात कित्येकांना जुना शेजार सोडावा लागला असणार, हे खरे. तरीही मंडळाच्या पुष्कळ वसाहती त्या काळच्या शहराच्या अंगालगतच होत्या, आणि कारागिराला आपल्या बाजारापासून तोडले गेले नाही.

१९६० च्या सुमारास मंडळाचे दप्तर आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळाकडे गेले. १९६७ साली महापालिकेने नागरी समाजविकासाचा जो प्रकल्प हाती घेतला, त्यात झोपडी न हलविता रहिवाशाने बँकेचे कर्ज काढून आहे त्याच जागी पक्के घर बांधावे, असा विचार होता. त्याला पुढे युनिसेफ आणि ब्रिटिश सरकार यांचे साहाय्य मिळाले.

तेलंगणा राज्य निर्माण झाल्यावर या विचाराचा लंबक दुसऱ्या टोकास गेला. दोन खोल्या, बैठक आणि स्वयंपाकघर असे ५६० चौरस फुटांचे घर, तेही लाभार्थ्याकडून एक पै न घेता द्यावयाचे, आणि महापालिकेच्या वाट्याला अशी एक लाख घरे, ही ती तजवीज. लोक तेलुगूत बोलोत की दखनीत, तिला 'डबल बेडरूम' असेच म्हणतात. सिकंदराबादेतील भोईगुड्याच्या आयडीएच कॉलनीत नोव्हेंबर २०१५ मध्ये जुन्या झोपड्यांच्याच जागी ३९६ घरे झाली, तेव्हा योजनेचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण लाखाच्या हिशेबाला शहरात जमीन कोठून आणावयाची? सबब संगारेड्डी जिल्ह्यातील कोल्लूर येथे १५,६६० घरांची, उद्वाहक असलेल्या उंच इमारतींची वसाहत उभी राहिली आणि जून २०२३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. घरे चांगली आहेत. मात्र लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांवर खडे बसविणाऱ्या बाईच्या नावाची सोडत तेथे निघाली, तर तिला रोज तीस-बत्तीस किलोमीटर जाऊन तेवढेच परत यावे लागेल. आणि मग भाड्याचे पैसे वाचले ते बसच्या तिकिटात गेले, असा जमाखर्च तिच्या हाती उरेल.

ज्याला सोडतीच्या अर्जावर लिहावयास पत्ताच नाही, त्याचा प्रश्न निराळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांना बजाविले, की एक लाख लोकवस्तीमागे एक, बारमाही आणि दिवसरात्र उघडा असा निवारा असलाच पाहिजे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने माणशी किमान ५० चौरस फूट जागा ठरविली. एका कुटुंबाला ५६० आणि एका निराश्रिताला ५०, हे प्रमाण वाचून कोणी नाक मुरडील; पण पदपथावर झोपणाऱ्याला तेवढीही स्वतःची म्हणता येत नाही. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे हैदराबाद महापालिकेची वस्ती सदुसष्ट लाखांच्या घरात होती; त्या मानाने लागणाऱ्या निवाऱ्यांच्या निम्मेही पुढील दशकात झाले नाहीत.

शिवाय बेघर म्हणजे सदाचाच बेघर, असेही नाही. नांदेड, देगलूर, उमरगा या भागांतून दुखणेकऱ्याला घेऊन आलेली आमची मराठी माणसे इस्पितळांच्या फाटकांबाहेर रात्री काढतात. घर गावी आहे, येथे नाही. हे ओळखून महापालिकेने काही सरकारी इस्पितळांच्या आवारातच नातलगांसाठी निवारे बांधले, हा या सर्व कारभारातला मला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

अशाच एका फाटकाशी, जेथे निवारा काही गल्ल्या सोडून होता, देगलूरकडचे एक म्हातारे गृहस्थ मला भेटले. खताचे रिकामे पोते अंथरून, एक्स-रेचे पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते त्यांनी उशाला घेतले होते. मी म्हटले, "बाबा, पलीकडे झोपायची सोय आहे. पंखासुद्धा आहे."

"हाय की, काल बघून आलो," ते म्हणाले. "पन सूनबाई आत हाय. रातच्याला नाव घेऊन हाक मारली, तर हितं ऐकू येतं."

आणि त्यांनी चपला पोत्याखाली सरकविल्या.