पक्ष मोठा कीं शपथ ?

पंचांचा निकाल आपल्या बाजूनें लागला म्हणजे ‘पंच परमेश्वर’, आणि तोच विरुद्ध गेला म्हणजे पंच विकले गेले, हा अनुभव वाटणीच्या तंट्यांत कोणास आला नाहीं ? ज्याच्या वांट्यास कमी आलें त्यानें तो निकाल निमूटपणें मान्य केला तरच घराचें घरपण टिकतें, हेंही आपण पाहिलेलें असतें. राज्यकारभारांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. निवडणूक म्हणजे लक्षावधि पंचांचा निकाल. जिंकणारास तो मान्य असतोच. खरी कसोटी हरणाराची. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्याच्या कायदेमंडळाचे तत्कालीन सभापति रस्टी बॉवर्स यांजवर अशा कसोटीची वेळ २०२० सालीं आली. ते स्वतः त्या निवडणुकींत निवडून आले होते. परंतु त्यांच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार त्यांच्याच राज्यांत हरला, आणि तो निकाल फिरवावा म्हणून खुद्द राष्ट्राध्यक्षांनीं त्यांस गळ घातली. त्यांनीं काय उत्तर दिलें, त्या उत्तरामागें निवडणुका व न्यायालयें यांविषयींचीं कोणतीं मतें होतीं, आणि त्याची किंमत त्यांस काय द्यावी लागली, हें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मनुष्य आणि त्याची विचारसरणी

बॉवर्स हे सुधारक म्हणून गाजलेले गृहस्थ नव्हेत. १९५२ सालीं जन्मलेले, मेसा शहरीं राहणारे, चित्रकार व शिल्पकार असलेले हे गृहस्थ मॉर्मन पंथाचे निष्ठावंत अनुयायी आहेत. १९९३ सालीं ते प्रथम राज्याच्या कायदेमंडळांत आले. मध्यंतरीं बरीच वर्षें बाहेर राहून २०१५ सालीं परतले, आणि जानेवारी २०१९ मध्यें कनिष्ठ सभागृहाचे सभापति झाले. पक्ष रिपब्लिकन, आणि त्यांतही त्यांची गणना पुराणमतवाद्यांत. कर हलके असावे, सरकारनें माणसाच्या संसारांत फार हात घालूं नये, कुटुंब आणि धर्म हे समाजाचे आधारस्तंभ होत, अशी त्यांची धारणा. त्यांच्या सभापतित्वाच्या काळांत सभागृहानें प्राप्तिकराचा दर सर्वांस सरसकट अडीच टक्के करण्याची व्यवस्था केली (२०२१), पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातास बंदी घातली (२०२२), आणि मुलांस खासगी शाळेंत घालणाऱ्या आईबापांस सरकारी पैसा देण्याची योजना सर्वांस खुली केली (२०२२). यांपैकीं कांहीं गोष्टी आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस पटतील, कित्येकांस पटणार नाहींत. तो वाद येथें अप्रस्तुत आहे. हा मनुष्य कोणत्या मुशींतला, एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुरे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेची राज्यघटना ईश्वरी प्रेरणेनें निर्माण झाली, अशी त्यांच्या पंथाची श्रद्धा आहे. त्यामुळें घटनेशीं इमान राखण्याची जी शपथ प्रत्येक लोकप्रतिनिधि घेतो, ती बॉवर्स यांच्या दृष्टीनें केवळ कचेरींतला उपचार नव्हती. तो देवापुढें दिलेला शब्द होता.

दहा हजार मतांचा फरक

आपल्या देशांत लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुका एकाच निवडणूक आयोगाच्या देखरेखीखालीं होतात. अमेरिकेंत तसें नाहीं. राष्ट्राध्यक्षाची निवडणूकसुद्धां प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानें घेतें, आणि मतें मोजण्याचें काम बहुधा जिल्ह्याजिल्ह्यांत होतें. शिवाय राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनीं निवडला जात नाहीं. प्रत्येक राज्य ठराविक संख्येचे निर्वाचक पाठवितें व ते मत देतात. ॲरिझोनाचे असे निर्वाचक ११. राज्यांत ज्या उमेदवारास सर्वांत अधिक मतें पडतील, त्याच्याच बाजूनें या अकरांनीं मत दिलें पाहिजे, असा तेथील कायदा आहे.

नोव्हेंबर २०२० मधील मतदानांत ॲरिझोनांत जो बायडेन यांस १६,७२,१४३ व डोनाल्ड ट्रम्प यांस १६,६१,६८६ मतें पडलीं. फरक अवघा १०,४५७. डेमोक्रॅटिक पक्षानें हें राज्य १९९६ नंतर प्रथमच जिंकलें. इतक्या थोड्या फरकानें हरलेल्या पक्षास चुटपुट लागावी हें स्वाभाविकच. तथापि चुटपुट निराळी आणि पुरावा निराळा. ३० नोव्हेंबर रोजीं राज्याचे गव्हर्नर डग ड्यूसी यांनीं निकाल प्रमाणित केला. ड्यूसी हेही रिपब्लिकनच होते.

रविवारचा टेलिफोन

पुढील हकीकत बॉवर्स यांनीं २१ जून २०२२ रोजीं अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढें शपथेवर सांगितलेली आहे. २२ नोव्हेंबर २०२० हा रविवार होता. प्रार्थनामंदिरांतून ते घरीं परततात तोंच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प व त्यांचे वकील रूडी जुलियानी यांचा टेलिफोन आला. राज्यांत लाखों बेकायदा परकीयांनीं व हजारों मृत माणसांच्या नांवें मतदान झाल्याचें जुलियानी यांनीं सांगितलें, आणि कायदेमंडळाच्या समितीपुढें याची सुनावणी करावी व बायडेन यांच्या निर्वाचकांच्या जागीं ट्रम्प यांचे निर्वाचक पाठवावे, अशी मागणी केली. बॉवर्स यांनीं विचारलें, “नांवें आहेत काय ?” नांवें देऊं, असें आश्वासन मिळालें. तीं नांवें कधींच आलीं नाहींत. पुढें प्रत्यक्ष भेटींत जुलियानी यांनीं, आपल्याजवळ तर्क पुष्कळ आहेत, पुरावा मात्र नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढल्याचेंही बॉवर्स यांनीं साक्षींत सांगितलें.

येथें एक कायद्याचा मुद्दा आहे व तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या घटनेंत असें म्हटलें आहे कीं, राज्याचें कायदेमंडळ ठरवील त्या रीतीनें निर्वाचकांची नेमणूक व्हावी. या वाक्याचा आधार घेऊन कित्येक वकील म्हणूं लागले कीं, कायदेमंडळास वाटेल तर तें लोकांचा कौल बाजूस सारून आपल्या मर्जीचे निर्वाचक नेमूं शकतें. बॉवर्स यांचें म्हणणें याच्या उलट होतें. कायदेमंडळानें रीत ठरविली आहे, आणि ती रीत म्हणजे लोकांचें मतदान. मतदानापूर्वीं ही रीत बदलण्याचा अधिकार कायदेमंडळास आहे. मतें मोजून झाल्यावर ती बदलणें म्हणजे एकदां दिलेलें दान परत हिसकावून घेणें होय. शिवाय अधिवेशन संपलेलें असतांना, गव्हर्नरानें बोलाविल्यावांचून किंवा दोनतृतीयांश सभासदांची मागणी असल्यावांचून, कायदेमंडळास आपण होऊन एकत्र बसतां येत नाहीं. डिसेंबरच्या आरंभीं त्यांनीं लेखी निवेदन प्रसिद्ध केलें. निकाल आपणांस आवडला नाहीं, आपण ट्रम्प यांसच मत दिलें व त्यांच्यासाठीं खपलों, परंतु प्रमाणित झालेला निकाल फिरविण्याकरितां चालू कायदा मोडण्याची सूचना आपण मनांतही आणणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

“पुढचें कोर्टें पाहून घेतील”

४ जानेवारी २०२१ रोजीं ट्रम्प यांचे दुसरे एक कायदेपंडित जॉन ईस्टमन यांनीं टेलिफोनवरून तोच आग्रह धरला. अमेरिकेच्या इतिहासांत असें कधीं झालेलें नाहीं, असें बॉवर्स म्हणाले. त्यावर, तुम्ही ठराव करून टाका, पुढचें कोर्टें पाहून घेतील, असें उत्तर मिळालें. बॉवर्स यांस हें पटणें शक्यच नव्हतें. त्यांच्या मतें न्यायालय हें पुरावा घेऊन जाण्याचें ठिकाण. आपण जाणूनबुजून घातलेला घोळ निस्तरण्यासाठीं तें नाहीं. गंजीला आधीं आग लावावी आणि मग बंबवाल्याच्या कर्तबगारीवर विश्वास ठेवावा, अशांतलाच हा प्रकार होता.

आणि न्यायालयांचीं दारें तर उघडींच होतीं. राज्याच्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनीं दावा केला. जीं मतपत्रें यंत्रास वाचतां आलीं नाहींत त्यांच्या नकला केल्या जातात. अशा १,६२६ नकला कोर्टानें तपासून घेतल्या, त्यांत ९ चुका आढळल्या. दहा हजारांचा फरक पुसून टाकील असें कांहींच निघालें नाहीं. ८ डिसेंबर २०२० रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल कायम केला. दुसऱ्या दिवशीं संघराज्याच्या न्यायालयानेंही असाच एक दावा काढून टाकला. पुढें राज्याच्या रिपब्लिकन सेनेटनें मॅरिकोपा या सर्वांत मोठ्या जिल्ह्यांतील सुमारें २१ लाख मतपत्रें एका खासगी कंपनीकडून पुन्हां हातानें मोजविलीं. सप्टेंबर २०२१ मध्यें तिचा अहवाल आला. त्यांत बायडेन यांचीं ९९ मतें वाढलीं व ट्रम्प यांचीं २६१ घटलीं.

याचा अर्थ निवडणुकीच्या कायद्यांत कांहीं सुधारणा नकोत असें बॉवर्स यांचें मत होतें, असा मात्र नव्हे. ॲरिझोनांत कोणासही कारण न देतां टपालानें मत पाठविण्याची सोय १९९१ पासून आहे. ज्यांनीं लागोपाठ दोन निवडणुकांच्या फेऱ्यांत ही सोय वापरली नाहीं व नोटिशीस उत्तरही दिलें नाहीं, त्यांचीं नांवें टपाली यादींतून कमी करणारा कायदा २०२१ सालीं त्यांच्याच सभागृहानें केला. विरोधकांनीं त्यावर कडक टीका केली. परंतु २०२२ सालीं त्यांच्याच पक्षाच्या एका सभासदानें, निवडणुकीचा निकाल स्वीकारावा कीं नाकारावा हें कायदेमंडळानें ठरवावें असें विधेयक आणलें, तेव्हां सभापतींनीं तें एकाच वेळीं बारा समित्यांकडे धाडलें. बारांतून एखादें विधेयक जिवंत परत येणें अशक्यच ! पुढील खेळाचे नियम आज बदलावे, झालेल्या खेळाचा निकाल बदलूं नये, हा भेद त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं.

किंमत

हें सर्व वाचतांना सोपें वाटतें. भोगतांना तसें नव्हतें. निवडणुकीनंतर त्यांच्या घरापुढें आठवड्यामागून आठवडे जमाव येऊं लागला. मोठमोठ्या गाड्यांवरील पडद्यांवर त्यांच्याविषयीं गलिच्छ आरोप झळकत, कर्णे ओरडत. एक शस्त्रधारी मनुष्य शेजाऱ्यास धमकावूं लागला. आंत त्यांची मुलगी दुखण्यानें अंथरुणास खिळलेली होती. जानेवारी २०२१ च्या अखेरीस ती वारली. घरांत मरणाच्या दारीं मूल आणि बाहेर ‘देशद्रोही’ म्हणून आरोळ्या, अशा वेळीं सही करून मोकळें होण्याचा मोह कोणास झाला नसता ? फसवणुकीनें जिंकणारा व्हावें असें आपणांस वाटत नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं त्या दिवसांत आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलें होतें. तें त्यांनीं समितीपुढें वाचून दाखविलें.

२०२२ सालीं त्यांस धैर्याबद्दलचें केनेडी पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं जुलैमध्यें राज्यांतील त्यांच्याच पक्षानें त्यांच्या निषेधाचा ठराव केला. कायद्याच्या मुदतबंदीमुळें कनिष्ठ सभागृहास पुन्हां उभें राहतां येत नव्हतें, म्हणून त्यांनीं राज्याच्या सेनेटसाठीं पक्षाची उमेदवारी मागितली. २ ऑगस्ट २०२२ रोजीं पक्षाच्या मतदारांनीं त्यांस मोठ्या फरकानें नाकारलें. हा निकाल त्यांनीं मान्य केला, हें निराळें सांगावयास नको.

त्यांच्यावर एक आक्षेप घेण्यासारखा आहे. साक्षीच्या सुमारास, पुन्हां ट्रम्प व बायडेन यांचीच लढत झाली तर आपण ट्रम्प यांसच मत देऊं, असें ते म्हणाले होते. ज्यानें शपथ मोडण्यास सांगितलें त्यालाच पुन्हां मत, हें कसें ? पुष्कळांस याचें आश्चर्य वाटलें. थोड्याच आठवड्यांनीं त्यांनीं आपलें मत बदललें व आपण त्यांस पुन्हां कधीं मत देणार नाहीं असें सांगितलें. पक्षनिष्ठेचीं मुळें माणसांत किती खोल गेलेलीं असतात, हें यावरून दिसतें. आणि ज्याचीं मुळें इतकीं खोल होतीं त्यानें ऐन वेळीं ‘नाहीं’ म्हटलें, म्हणूनच त्या नकाराचें मोल अधिक.

राखावयाचें तें काय ?

पुढें कायद्यानेंही बॉवर्स यांचीच बाजू पत्करली. डिसेंबर २०२२ मध्यें काँग्रेसनें ठरविलें कीं, मतदानाच्या दिवसापूर्वीं जो कायदा राज्यांत असेल त्याच कायद्यानें निर्वाचक नेमले जावे. २७ जून २०२३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निर्णय दिला कीं, संघराज्याच्या निवडणुकांचे नियम करतांना राज्याचें कायदेमंडळ न्यायालयांच्या तपासणीबाहेर राहूं शकत नाहीं. २०२४ सालीं त्याच ॲरिझोनांत ट्रम्प स्पष्ट बहुमतानें जिंकले. तेव्हां हरलेल्या उमेदवारानें निकाल मान्य केला.

पुराणमतवादी म्हणजे जुनें राखणारा. परंतु जुन्यांतलें काय राखावयाचें, हा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागतो. कोणी आपली सत्ता राखतो, कोणी आपला मान. बॉवर्स यांनीं आपल्या आधीच्या लोकांनीं घालून दिलेली रीत व स्वतः दिलेला शब्द राखला, आणि त्यापायीं सत्ता व मान दोन्ही गमावले. दहा हजार मतांनीं हरलेल्या पक्षांत असा एक मनुष्य योग्य जागीं बसलेला होता, हें त्या राज्याचें भाग्य. मात्र राज्यानें नेहमींच अशा भाग्यावर विसंबून राहणें बरें नव्हे. शब्द पाळणारीं माणसें घरांत घडावीं लागतात. मतमोजणीच्या रात्रीं तीं ऐन वेळीं शोधून सांपडत नाहींत.