चितगावची केळ, सेरामपूरचा छापखाना

शोभेच्या केळींचं वेड मला फार जुनं आहे आणि बंगळुरू हे त्या वेडाला मानवणारं गाव आहे. नऊशे मीटरच्या आसपासची उंची, तांबडी माती, बेताचं ऊन. एक गोष्ट मात्र सतत खुपते. गुलाबी केळफूल दिसलं की पाहणारा ते परदेशी समजतो आणि विकणाराही तो समज मोडत नाही. खरं तर मखमली गुलाबी फळांची मुसा व्हेलुटिना आसाम-अरुणाचलची, आणि जगभरच्या बागांत मिरवणारी मुसा ओर्नाटा चितगावकडची.

ओर्नाटाचं वर्णन केलं विल्यम रॉक्सबर्ग यांनी. 1793 ते 1813 ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. भारतीय चित्रकारांकडून त्यांनी अडीच हजारांवर वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्या चित्रकारांची नावं पुस्तकांतून ठळकपणे यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. 1815 साली एडिंबरोत रॉक्सबर्ग वारले तेव्हा त्यांच्या 'फ्लोरा इंडिका'चं हस्तलिखित अजून छापायचंच होतं. ते हाती घेतलं सेरामपूरच्या छापखान्याच्या विल्यम केरी यांनी.

हे तेच केरी. वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापणारे. भाषेच्या इतिहासात ते आपल्याला भेटतात. त्यांच्या बागेकडे मात्र आपलं लक्षच जात नाही. सेरामपूरला त्यांनी स्वतःची मोठी बाग उभी केली होती आणि 1820 साली कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्येची संस्था काढली. आपल्या रानातल्या कुंभ्याचं शास्त्रीय नाव केरीया, तेही रॉक्सबर्गनी या मित्राच्या नावावरून ठेवलेलं. 1823 साली दामोदर नदीच्या पुराने केरींची सेरामपूरची बाग उद्ध्वस्त झाली. पुढच्याच वर्षी 'फ्लोरा इंडिका'चा दुसरा खंड बाहेर पडला, आणि त्यातून मुसा ओर्नाटा जगापुढे आली. बाग गेलेल्या माणसाने मित्राचं काम तडीस नेलं, हे वाचल्यापासून ही केळ मला नुसती शोभेची वाटत नाही.

नावाचा घोळ त्यानंतरचा. व्हिएन्नाच्या जॅकॅन यांनी 1804 साली मुसा रोझेशिया नावाची केळ नोंदवली होती. पुढे बागवाल्यांनी तेच नाव चितगावच्या केळीला चिकटवलं आणि ते शंभराहून अधिक वर्षं चाललं. अखेर दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिनिदादच्या चीझमन यांनी केळींचं वर्गीकरण नव्याने मांडलं आणि हा गुंता सोडवला: जॅकॅनचं रोप खायच्या केळींच्या गोतातलं, शोभेची ती ओर्नाटाच. 1949 साली त्यांनीच विटकरी केळफुलाची मुसा लॅटेरिटाही नोंदवली.

लावणाऱ्याने एवढं जाणावं की ओर्नाटा, व्हेलुटिना आणि लॅटेरिटा या तिन्हींचं केळफूल वर उभं राहतं. मध प्यायला दिवसा शिंजीर येतात. खोड एकदाच फुलतं; फळं झाली की ते बुडापासून कापावं, मुनवे जागा घेतात. लॅटेरिटाचा कंद जमिनीखालून लांब पळतो आणि मुनवे भलतीकडेच उगवतात, म्हणून तिला कठड्याच्या आत ठेवणं बरं. ओर्नाटा आणि व्हेलुटिना शेजारी लावल्या तर संकर होतो, तेव्हा बी धरताना खात्री करून घ्यावी. व्हेलुटिनाचं पिकलेलं फळ मात्र एकदा बघायलाच हवं. गुलाबी लवदार साल टोकाकडून आपोआप उकलते, मागे दुमडते आणि आत पांढरा गर उघडा पडतो. गर गोडसर असतो, पण काळ्या टणक बियांनी खच्चून भरलेला.

आणि मराठी माणसाने बंगळुरूत लावावी अशी आणखी एक केळ म्हणजे सह्याद्रीतली कवदर, काही भागांत जिला चवेणी म्हणतात. तिचंही शास्त्रीय वर्णन रॉक्सबर्ग यांचंच. चीझमननी 1947 साली ती एन्सेटे या प्रजातीत हलवली. बुंधा फुगीर, केळफूल तपकिरी-तांबडं आणि लोंबतं, परागीभवन रात्री वटवाघळांकडून. उन्हाळ्यात पानं झडून नुसता बुंधा उरतो. ती मेली समजून उपटू नये, पावसाबरोबर पुन्हा पालवते. तिला मुनवे येत नाहीत. फळं झाली की झाड संपतं, मागे राहतं ते फक्त बी. म्हणून घाटातून कंद खणून आणू नये. फुलायच्या आधी झाड उचललं तर तिथे त्याचं बीही पडत नाही. बियांपासून वाढवायला काही वर्षं लागतील, ती लागू द्यावीत.